गळ्याखालचे फोटो

रोज सकाळी साडेसहा ते सात या वेळात, उपाशीपोटी, उगवतीच्या उजेडात फोटो काढावा, असा नियम ज्या कुणी केला, त्यानं आयुष्यात एकदाही म्हशीची धार काढलेली पाहिली नसावी. सारिका खराडेचं त्या माणसाबद्दलचं पहिलं मत हे होतं. पुढं जे घडलं त्यानंतरही ते बदललं नाही, फक्त त्यात शिव्यांची भर पडली.

सारिका सोनगेवाडीच्या दूध संकलन केंद्रावर तपासनीस होती, अठरा वर्षं. पाचला शटर वर जायचं, साडेआठला टँकर हलायचा, आणि मधल्या वेळात अडीचशे किटल्या तिच्या टेबलावरून जायच्या. साडेसहाला तर रांग पार वडाच्या पारापर्यंत गेलेली असायची. त्या वेळी घरी उभं राहून स्वतःचे फोटो काढायचे म्हणजे गावाचं दूध नासवायचं. पण तालुक्याच्या दूध संघानं ‘उतार’ नावाच्या कंपनीशी करार केला होता. ज्यांचं वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त, त्या सगळ्यांनी योजनेत यायचं. वर्षभरात वजन उतरलं नाही, तर तपासणीच्या टेबलावरून उचलून भांडारात बसवणार. सारिकाचं वजन चौऱ्याऐंशी किलो होतं. ते टेबल तिचा जीव की प्राण होतं.

कंपनीनं घरी एक चौकटींची चटई पाठवली, अंगाला घट्ट बसणारा राखाडी पोशाख पाठवला आणि फोन ठेवायला तिपाई पाठवली. चटईवर उभं राहायचं, समोरून एक, बाजूनं एक, पाठमोरा एक असे तीन फोटो. संघातल्या बायकांनी तक्रार केली होती की असल्या कपड्यांत आमचा चेहरा कुणी बघायचा नाही. तेव्हा कंपनीनं मोठ्या मनानं गळ्याखालचेच फोटो घ्यायचं कबूल केलं आणि वर्तमानपत्रात स्वतःची पाठही थोपटून घेतली. अ‍ॅपमध्ये झोप किती झाली ते लिहायला जागा होती, पोट साफ झालं का ते लिहायला होती, आज मन कसं आहे तेही होतं. ‘मी या वेळी कामावर असते’ हे लिहायला मात्र कुठंही जागा नव्हती. सारिकानं तीनदा कळवलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘आपल्या प्रगतीसाठी मनःपूर्वक शुभेच्छा.’

यावर तोड काढली ती प्राजूनं. प्राजक्ता तिची धाकटी जाऊ, दिराची बायको, एकतीस वर्षांची, बोलकी आणि हट्टी. दोघींची उंची सारखी, वजनात दोन किलोचा फरक, आणि गावातला शिंपी दोघींचे ब्लाऊज एकाच मापावर शिवायचा. प्राजूला बारीक व्हायचंच होतं, पण ती संघात नोकरीला नसल्यामुळं तिला योजना मिळत नव्हती.

“अक्का, फोटो गळ्याखालचाच हाय न्हवं? मग मी उभारते की,” ती म्हणाली. “नाव तुमचं, अंग माझं. तुमची नोकरी ऱ्हाईल, मला आहाराचा तक्ता मिळंल.”

सारिका क्षणभर घुटमळली. कारण तिच्या केंद्रावर एक फळा होता, आणि त्या फळ्यावर तिच्याच हातचा खडू चालायचा. आपल्या म्हशीचं दूध पातळ म्हणून शेजाऱ्याच्या दुधाचा नमुना पुढं करणारा सापडला, की त्याचं नाव फळ्यावर. ‘नमुना बदलला’ असं लिहायचं आणि आठ दिवस पुसायचं नाही, मग तो सरपंच असो नाही तर तिचा सख्खा मामा. मामाचं लिहिलंही होतं तिनं, आणि दोन वर्षं त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पण हे काय दूध थोडंच आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला ती केंद्रावर किटल्या तपासत होती, आणि घरी परसात, सारिकानं मागं ठेवलेल्या फोनसमोर, तिच्या नावानं प्राजू चटईवर उभी होती.

पाच महिन्यांत प्राजूचं अंग झरझर उतरलं. पहिल्या दोन महिन्यांत चार किलो, पुढं तर आठवड्याला किलो. अ‍ॅपमधला आलेख असा उतरत गेला की कंपनीनं पदकावर पदक पाठवलं. हळदीकुंकवाला गेली की बायका तिला फिरवून फिरवून बघायच्या. नवऱ्यानं, अमरनं, कागलच्या कारखान्यातून येताना दोन नवे ड्रेस आणले आणि तेही ढगळ झाले. घरात भाकरीचा तुकडा ताटात राहू लागला.

“भूकच लागत न्हाई, अक्का,” ती कौतुकानं सांगायची. “लई भारी हाय बगा तुमचं अ‍ॅप.” पाठ दुखते म्हणायची, पण ते व्यायामानं असंल असंही तीच म्हणायची. सारिका हसायची. ते हसणं तिला पुढं कितीतरी दिवस डाचत राहिलं.

एकशे विसाव्या दिवशी कंपनीनं ‘स. ख., दूध तपासनीस’ यांची यशोगाथा जाहीर केली. कोल्हापूरच्या त्यांच्या कार्यालयात आणि संघाच्या मुख्य इमारतीत पुरुषभर उंचीचं पोस्टर लागलं. डावीकडं पहिल्या दिवसाचं अंग, उजवीकडं एकशे विसाव्याचं, दोन्ही बिनडोक्याची. टँकरवाला सारिकाला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, “मॅडम, उतरलेलं वजन घरी ठिवून येतासा काय?” सगळी रांग हसली. तीही हसली आणि पुढची किटली ओढली.

एकशे एक्कावन्नाव्या दिवशी फोनवर निरोप आला: आपल्या छायाचित्रांत काही बदल आढळले असून आपण तातडीनं तपासणीस यावं.

कोल्हापूरच्या रुग्णालयात सारिकाचं रक्त घेतलं, पोटाचं स्कॅन केलं, पुन्हा केलं. डॉक्टर आजगेकर पन्नाशीच्या, फटकळ बाई. त्या पडद्याकडं आणि सारिकाच्या पोटाकडं आळीपाळीनं बघत होत्या.

“तुमच्या स्वादुपिंडाला काहीही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “जेवण जरा कमी करा, बाकी ठणठणीत आहात. पण ‘उतार’नं पाठवलेला हा अहवाल म्हणतो की तुमचं वजन आज सदुसष्ट आहे. काटा म्हणतो चौऱ्याऐंशी. मला कुणी वेड्यात काढतंय का?”

सारिका तो अहवाल वाचत होती. तिला तो वाचता येत होता, ही खरी पंचाईत होती. दुधाचं यंत्र तरी दुसरं काय करतं? दुधातून उजेड सोडायचा आणि तो किती अडला, कुठल्या रंगाचा अडला, हे मोजायचं. स्निग्धांश वेगळा उजेड खातो, पाणी वेगळा, युरिया वेगळा. माणसाच्या डोळ्याला सगळं पांढरंच दिसतं, यंत्राला त्यातली भेसळ दिसते. ‘उतार’चा कॅमेराही तसाच, फक्त दुधाच्या जागी कातडी. चटईच्या चौकटींवरून अंगाचं आकारमान निघायचं. कातडीवरून परत येणाऱ्या उजेडातून चरबी किती, स्नायू किती, रक्त कसं, हे निघायचं. एका फोटोत काही कळत नाही, जसं एका दिवसाच्या दुधावरून म्हशीचं दुखणं कळत नाही. पण रोजचे फोटो एकापुढं एक ठेवले की अंग आतून काय करतंय ते दिसू लागतं. अहवालात लिहिलं होतं की चरबीपेक्षा स्नायू वेगानं गळत आहेत, आणि कातडीत पिवळेपणा चढतो आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसायला अजून दीड-दोन महिने लागले असते. ही लक्षणं स्वादुपिंडातल्या गाठीची असू शकतात.

यंत्र चुकलं नव्हतं. यंत्रापुढं नमुना दुसऱ्याचा ठेवला होता.

सारिकानं अहवाल टेबलावर ठेवला. आणि तिनं तिथल्या तिथं, खुर्चीतून न उठता, सगळं सांगून टाकलं. डॉक्टर तिच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “त्या कुठं आहेत आत्ता?”

“घरी.”

“आजच्या आज आणा. आणि हे बघा.” त्यांनी अहवालाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. पहिली नोंद: दिवस १०४. विमा विभागास कळवले: दिवस १०५. सभासदास कळवावे: विमा नूतनीकरणानंतर. संघाचा विमाही ‘उतार’कडंच होता; त्याचा नवा करार झाला होता एकशे पन्नासाव्या दिवशी, आणि त्यात आधीपासूनची दुखणी वगळली होती. दुसऱ्याच दिवशी सारिकाला निरोप गेला होता.

म्हणजे सत्तेचाळीस दिवस त्यांना माहीत होतं. त्या सत्तेचाळीस दिवसांत त्यांनी पदकं पाठवली होती. गाठ पोसत होती आणि त्यांनी ते अंग पुरुषभर उंच छापून भिंतीवर लावलं होतं, फक्त हार घालायचा बाकी ठेवला होता. सारिकाच्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हा. स्वतःचा राग तर होताच, तो कुठं जाणार नव्हता. पण हा दुसरा राग थंड होता आणि त्याला पत्ता होता.

घरी प्राजू ओसरीवर बसून नव्या ड्रेसला बाजूनं टीप मारत होती. सारिकानं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, काही न गाळता. प्राजू आधी हसली. मग तिनं हातातला ड्रेस मांडीवर ठेवला.

“म्हंजे,” ती सावकाश म्हणाली, “मी बारीक झालेच न्हाई? ते आजारानं झालं?”

सारिकानं तिच्या मांडीवरचा ड्रेस उचलून बाजूला ठेवला.

“आणि सगळ्या माझी तारीफ करत हुत्या.” प्राजूचे डोळे भरले, पण आवाज चढला. “त्या अ‍ॅपवाल्याला म्हाईत हुतं आणि त्यो मला शाब्बास म्हणत हुता?”

“तुला न्हाई. मला म्हणत होता. माझं नाव होतं ना.” सारिका उठली. “चल, गाडीत बस. अमरला मी फोन केलाय, तो परस्पर तिकडं येतोय.”

“आणि तुमची नोकरी? त्यास्नी कळलं तर टेबल जाईल तुमचं. मी दुसऱ्या दवाखान्यात जाते, तुमचं नावच घेत न्हाई.”

“दुसरीकडं पहिल्यापासून सुरू करतील. आधीच सत्तेचाळीस दिवस गेलेत. आणखी एक दिवस मी कुणाला देणार न्हाई. टेबल गेलं खड्ड्यात, तू ऊठ.”

गाठ होती. छोटी होती, पण एका मोठ्या शिरेला टेकली होती. डॉक्टर आजगेकरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अमर आणि सारिका दोघांना समोर बसवून सांगितलं, “दीड महिन्यापूर्वी आली असती तर शिरेपासून लांब असती, मी डोळे झाकून ऑपरेशन केलं असतं. आता दोन वाटा आहेत. लगेच कापायचं किंवा आधी औषधानं आटवून मग कापायचं. गाठ सावकाश वाढणारी असेल तर आधी औषध. झपाट्यानं वाढणारी असेल तर थांबून चालणार नाही. चुकीची वाट धरली तर पुन्हा संधी नाही. ती किती वेगानं वाढली हे मला आजच्या एका स्कॅनवरून कळणार नाही. पण त्या फोटोंवरून कळेल. मला ते मुळातले फोटो हवेत, सगळे. परवापर्यंत.”

‘उतार’चं कार्यालय ताराराणी चौकाच्या अलीकडं होतं. सारिका तिथं पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, आणि दर्शनी दालनात ते पोस्टर होतं. कौस्तुभ नाईकवाडे नावाचा विभागप्रमुख तिथंच तिला भेटला. तिशीचा, गोड बोलणारा, हात जोडून उभा.

“मॅडम, तुम्ही निरोगी निघालात, याहून आनंद तो कोणता? यंत्राकडून चूक झाली. फोटो तुमचे आणि चूक यंत्राची, तुम्ही एवढं लिहून दिलंत की विषय संपला. टेबलही तुमचंच राहील, संघाशी मी बोलतो.”

“मला फोटो पाहिजेत.”

“ते फोटो तुमच्या शरीराचे आहेत. दुसऱ्या पेशंटच्या उपचारासाठी ते देता येत नाहीत. नियम आहे.”

“ते माझ्या शरीराचे न्हाईतच. माझ्या जावेचे आहेत.”

नाईकवाडेचं हसू जरा आखडलं. “तसं नुसतं म्हणून भागत नाही ना. आमच्या यंत्रानं एकशे एक्कावन्न दिवस रोज तुमची ओळख पटवली आहे. खांदे, कंबर, सांध्यांमधली अंतरं, सगळं जुळतं. पहिल्या दिवसापासून तुम्हीच आहात त्या.”

सारिकाला कळत होतं की हा माणूस मूर्ख नाही. फोटो तिचे ठरले, की इशारा खोटा ठरतो. इशारा खोटा ठरला, की सत्तेचाळीस दिवस दाबून ठेवला म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. आणि प्राजू नावाची बाई त्यांच्या कागदावर जन्मालाच आलेली नाही. किती सोपं होतं त्याला.

“न्हाणीघर कुठं आहे?” तिनं विचारलं.

तिनं पिशवीतून तो राखाडी पोशाख, चटई आणि तिपाई आणली होती. ज्या पोशाखात स्वतःच्या नवऱ्यासमोर उभं राहायची तिला लाज वाटायची, तो तिनं अंगात कसाबसा चढवला. एका बाजूची शिवण उसवली. दालनात परत आली तेव्हा तिथं बसलेली दहा-बारा माणसं बघत राहिली, कुणीतरी फिदी-फिदी केलंही. तिनं पोस्टरच्या खाली चटई अंथरली, तिपाईवर फोन ठेवला. दिवसाचा फोटो साडेसहालाच घेता यायचा, पण ओळखीची चाचणी केव्हाही करता येत होती. तिनं बटण दाबलं आणि जाऊन चटईवर उभी राहिली. समोरून. मग बाजूनं. मग पाठमोरी, सगळ्या दालनाकडं पाठ करून, चौऱ्याऐंशी किलो.

फोनमधली बाई मंजूळ आवाजात म्हणाली, “ओळख पटली नाही. कृपया खातेदारानं स्वतः उभं राहावं.”

सारिकानं पुन्हा बटण दाबलं. “ओळख पटली नाही. कृपया खातेदारानं स्वतः उभं राहावं.” तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा दोघातिघांचे फोन वर झाले होते आणि फिदी-फिदी थांबली होती.

“ऐकलंसा?” ती नाईकवाडेला म्हणाली. “सारिका खराडे मी. हे खातं माझं. तुमचंच यंत्र सांगतंय की फोटोतली बाई मी न्हाई. मग ती कोण ते मी सांगते. प्राजक्ता अमर खराडे, राहणार सोनगेवाडी. तुम्हाला एकशे चाराव्या दिवशी कळलं की ती मरायला लागलीय. तुम्ही तिचं पोस्टर छापलं.”

“आवाज खाली ठेवा, मॅडम. हे लेखी दिलंत तर तो गुन्हा होतो. नोकरी जाईल तुमची.”

“द्या कागद.”

“मॅडम, विचार करा—”

“अठरा वर्षं मी दुसऱ्यांची नावं लिहिली. मला माहितीय कसं लिहायचं ते. कागद द्या आणि फोटो पाठवा. न्हाईतर मी ह्याच कपड्यात बाहेर चौकात चटई टाकते.”

तिनं लिहून दिलं. नमुना बदलला, तारखेपासून तारखेपर्यंत, कारण आणि सही. तासाभरात चारशे त्रेपन्न फोटो डॉक्टर आजगेकरांकडं पोचले, आणि त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. पिवळेपणा एकशे चाराव्या दिवसानंतर तीन आठवडे सरळ चढला होता आणि मग एकाएकी झपाट्यानं. थांबायचं नाही, परवा सकाळी ऑपरेशन.

सारिकाच्या निलंबनाचं पत्र तिसऱ्या दिवशी यायचं होतं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणं पाचला केंद्रावर गेली, शटर वर केलं आणि किटल्या घ्यायच्या आधी फळा पुसला. मग त्यावर लिहिलं: सारिका खराडे, तपासनीस. नमुना बदलला. खाली एक रेघ ओढली आणि दुसरं नाव लिहिलं: उतार कंपनी. भेसळ दिसली, सत्तेचाळीस दिवस सांगितलं नाही.

आठ वाजता संघाचा सुपरवायझर फडकं घेऊन आला. तेव्हा तिचा तोच मामा, ज्याचं नाव तिनं एकदा लिहिलं होतं, किटली घेऊन फळ्यासमोर उभा राहिला.

“आठ दिवस पुसायचं न्हाई,” तो म्हणाला. “हितला नियम हाय त्यो. माझंबी पुसलं नव्हतं.”

सुपरवायझर फडकं घेऊन परत गेला.

ऑपरेशन सात तास चाललं. गाठ निघाली, शिरेचा तुकडाही काढावा लागला. पुढचं सहा महिन्यांनी कळेल, असं डॉक्टर आजगेकर म्हणाल्या, आणि याहून जास्त काही बोलायला त्या तयार नव्हत्या. पाचव्या दिवशी सकाळी प्राजू उशीला टेकून बसली. अंगात नळ्या, गाल आत गेलेले. सारिका तिला चमच्यानं पेज भरवत होती. साडेसहा वाजले आणि टेबलावरचा फोन वाजला. खातं बंद व्हायला नव्वद दिवस लागतात असा कंपनीचा नियम होता, त्यामुळं ते अजून चालूच होतं. ‘फोटोची वेळ झाली. आज किती उतरलात?’

सारिकानं फोन उचलून भिंतीवर आपटायला हात वर केला.

“थांबा,” प्राजू म्हणाली. “त्यात फळ्याचा फोटो काढलाय म्हणत हुतासा. दावा.”

सारिकानं दाखवला. प्राजूनं तो जवळ धरून नीट वाचला, एकदा आणि पुन्हा एकदा. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“अक्का, तुमचं नाव एवढं मोट्टं, आणि कंपनीचं बारीक काढलंय. असं कसं?”

“जागा उरली नव्हती गं खाली.”

“मग तुमचं पुसायचं आणि लहान काढायचं,” प्राजू म्हणाली. तिला धाप लागली होती, पण ती थांबली नाही. “माझंबी घाला वरती, उभारले तर मीच हुते. आणि त्यांचं मोट्टं काढा. पार रांगेच्या शेवटच्या माणसाला दिसंल असं.”

“आठ दिवस संपलेले न्हाईत अजून. पुसता येत न्हाई.”

“मग शेजारच्या भिंतीवर काढा.”

सारिकानं राहिलेली पेज तिला भरवली, तोंड पुसलं, अमरला आत बोलावलं आणि सातची सोनगेवाडीची गाडी पकडली. केंद्रावर तिच्या जागी नवी पोरगी बसली होती आणि रांग अजून पारापर्यंत होती. सारिकानं टेबलाजवळ जाऊन हात पुढं केला. पोरगीनं काही न विचारता खोक्यातला अख्खा नवा खडू काढून तिच्या हातावर ठेवला.